कार्यक्रम जवळ आला की डान्स क्लासमध्ये दर वेळी तीच रडारड: बिघाड शोधायचा कुठे?

कार्यक्रमाला सहा आठवडे उरले की आमच्या क्लासमध्ये एक ठरलेली साथ येते. शनिवारी मी फॉर्मेशन, म्हणजे नाचात कोण कुठे उभं राहणार ते, सांगते. मंगळवारच्या तासाला दोघींच्या पोटात दुखत असतं, एक जण बाटली भरायला जाते ती लवकर परतत नाही, आणि रात्री एखाद्या आईचा मेसेज येतो, ‘ताई, सहज विचारते...’ इतकी वर्षं मुलांना नाच शिकवल्यावर एवढं कळलंय की या ‘सहज’मध्ये सहज काही नसतं. पुढचं वाक्य ठरलेलं: ‘आमची या वेळी मागच्या रांगेत का?’ पुढच्या आठवड्यात बॅगांवरून कळतं. एरवी भिंतीलगत एकाच ढिगात पडणाऱ्या बॅगांचे दोन ढीग होतात, आणि एक बॅग दोन्हींपासून लांब, दाराशी.

कार्यक्रम होतो, टाळ्या पडतात, फोटो निघतात. मग दोन-तीन मुलं क्लास सोडतात. कारण अभ्यासाचं सांगितलं जातं. पुढच्या वर्षी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

तुमच्याकडेही असं होत असेल तर आधी एक साधी तपासणी करा. मागच्या तीन कार्यक्रमांच्या वेळची कटकट कुणामुळे झाली असं तुम्हाला तेव्हा वाटलं होतं, ते आठवा. माझ्याकडे तीन वर्षांची तीन वेगळी नावं निघाली. पहिल्या वर्षी सगळं खापर मी एका आईवर फोडलं होतं. त्यांनी मुलीला काढून घेतलं तेव्हा, खरं सांगते, मला हायसं वाटलं. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात तीच कटकट, फक्त घर दुसरं. माणसं बदलूनही बिघाड त्याच जागी येत असेल तर तो माणसांत नाही, मांडणीत आहे. आणि मांडणी माझीच होती.

जे करून पाहिलं आणि फसलं

भिंतीवर ‘आपण सगळे एक टीम’ असा रंगीत तक्ता लावला. त्याच तक्त्याखाली उभं राहून दोघी तिसरीची नक्कल करत होत्या. मग एकोप्यावर भाषण दिलं. मुलांनी माना डोलावल्या. मुलं माना फार छान डोलावतात. मग पालकांना आत बसायची बंदी केली. त्याने पालकांना दिसणं थांबलं, बोलणं नाही. आता ते मुलांच्या तोंडून ऐकून बोलायला लागले, म्हणजे आणखी तिखटमीठ.

सगळ्यात महागात पडला तो ‘आठवड्याचा तारा’. दर शनिवारी एका मुलाला चकचकीत बिल्ला. दोन महिन्यांत असं झालं की शुक्रवारपर्यंत सगळे बेताचे नाचायचे आणि शनिवारी जीव तोडून. बिल्ला जाहीर झाला की उरलेला तास पाण्यात. मुलांच्या बक्षिसांवर एक जुना, गाजलेला प्रयोग आहे: १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी प्रसिद्ध केलेला. बालवाडीतल्या ज्या मुलांना मुळातच चित्रं काढायला आवडत होतं, त्यांच्यातल्या काहींना ‘चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल’ असं आधीच कबूल केलं. नंतर, मोकळ्या वेळात, याच मुलांनी चित्रांना कमी वेळ दिला. ज्यांना काहीच कबूल केलं नव्हतं त्यांची आवड तशीच राहिली. मी हे वाचलं तेव्हा ड्रॉवरमध्ये अजून तीस बिल्ले होते.

पहिली दुरुस्ती: कुणाचं नाव किती वेळा घेतो ते मोजा

एका तासाचं फक्त आवाजाचं रेकॉर्डिंग केलं, स्वतःचं ऐकायला. फोन खिडकीत ठेवला आणि विसरून गेले. घरी बसून अठरा मुलांची नावं कागदावर लिहिली आणि ऐकता ऐकता नाव आलं की रेघ मारत गेले. चार नावांपुढे रेघांच्या जुड्या झाल्या. पाच नावांपुढे एकही रेघ नव्हती. तासभर घाम गाळून घरी गेलेल्या पाच मुलांना मी एकदाही हाक मारली नव्हती. बाकीच्यांपैकी तिघांची नावं फक्त ‘बोलू नकोस’च्या आधी आली होती.

मागच्या रांगेचं दुखणं मला इथे उमगलं. मूल मागे उभं राहायला घाबरत नाही, दिसेनासं व्हायला घाबरतं. माझ्या क्लासमध्ये पुढे उभं असणं म्हणजेच ताईला दिसणं, हे मुलांनी माझ्याआधी ओळखलं होतं. मग आयाही पुढच्या रांगेसाठीच भांडणार, दुसरं काय मागणार?

आता तासाच्या सुरुवातीला हजेरी घेताना प्रत्येकाला एकेक गोष्ट सांगते. मोठी नाही. ‘तुझं वळण मागच्या वेळी उशिरा सुटत होतं, आज मान आधी वळव.’ अठरा मुलांना तीन मिनिटं लागतात. दुरुस्ती सांगणं हाही लक्ष देण्याचाच प्रकार आहे, हे शिक्षक विसरतो. मुलं विसरत नाहीत. ज्याची चूक कधी काढलीच जात नाही ते मूल समजून चुकतं की माझ्याकडून यांना काही अपेक्षाच नाही.

कौतुकाचंही तेच. मी एका मुलीला सतत म्हणायचे, ‘तू तर जन्मजात डान्सर.’ तिने हळूहळू नवीन स्टेप करणंच टाळलं. अवघड काही आलं की पाय दुखायचा. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसतं. कोडी सोडवल्यावर ‘तू हुशार आहेस’ असं ऐकलेली मुलं पुढची कोडी अवघड निघाल्यावर लवकर हिरमुसली. ‘तू मेहनत घेतलीस’ असं ऐकलेली तग धरून राहिली. ‘जन्मजात’ म्हटल्यावर चुकणं म्हणजे ते जन्मजात काही नव्हतंच, असं मुलाला वाटणार. आता मी जे दिसलं तेच सांगते: ‘उतरताना गुडघे वाकले, आवाज आला नाही, छान.’ सांगायला सोपं नाही. त्यासाठी आधी नीट बघावं लागतं.

दुसरी: रांगा तासातच फिरवा

दर दहा मिनिटांनी पुढची रांग मागे, बाकीच्या एक पाऊल पुढे. तासातला शेवटचा भाग आरशाकडे पाठ करून. एवढंच.

पहिले दोन आठवडे क्लास कोसळतो, याची तयारी ठेवा. मागची रांग पुढे आली की स्टेपच विसरते, कारण ती इतके महिने समोरच्यांच्या पाठी बघून नाचत होती. तिला नाच येत नव्हता, नक्कल येत होती, आणि ते मला कळलं नव्हतं. आरसा गेल्यावर पुढच्या रांगेचीही तीच गत: काउंट, म्हणजे ठोक्यांची मोजणी, डोक्यात नसतात, डोळ्यांत असतात. तिसऱ्या आठवड्यापासून गाडी रुळावर येते आणि आधीपेक्षा भक्कम चालते. याच काळात नेहमी पुढे असणारी कुणीतरी तोंड पाडून विचारेल, ‘ताई, मी मागे का? माझं काय चुकलं?’ यावर उपदेश नको. मी म्हणते, ‘काही नाही चुकलं. दहा मिनिटांनी परत बदलणार आहोत.’ आणि दहा मिनिटांनी खरोखर बदलते. एकदा जरी विसरलात तरी मागे जाणं म्हणजे शिक्षा, हे पक्कं होतं.

तिसरी: फॉर्मेशनचं गणित कागदावर मांडा

‘सगळ्यांना पुढे कसं आणणार? नाच बिघडेल,’ असं मीही म्हणायचे. मग एकदा हिशेब केला. तीन मिनिटांचं गाणं, मिनिटाला १२० ठोके, म्हणजे ३६० ठोके; आठाने भागलं की ४५ अष्टकं. सहा-सहाच्या तीन रांगा. दर पाच अष्टकांनी रांग बदलली तर नऊ तुकडे पडतात आणि प्रत्येक रांग तीनदा पुढे येते. प्रेक्षकांना सतत हालचाल दिसते, त्यांना ती नृत्यरचनाच वाटते. एका जागी खिळलेल्या पुढच्या रांगेपेक्षा हे बघायलाही चांगलं असतं. इतकी वर्षं मी ज्याला कलेचा नाइलाज म्हणत होते तो निव्वळ आळस होता.

एखाद्या तुकड्याला खरंच कसलेली मुलगी हवी असते, उडी तशी असते. ती जागा ठेवा, पण निकष आधी सांगा: ‘ही उडी सलग तीनदा, पाय न घसरता.’ मग सगळ्यांना संधी द्या आणि निवड मुलांसमोरच क्लासमध्ये सांगा. पालकांच्या ग्रुपवर रात्री यादी टाकणं हा सगळ्यात वाईट मार्ग. मुलाला आपली जागा आईच्या चेहऱ्यावरून कळता कामा नये.

स्पर्धेची बॅच असेल तर ती वेगळी ठेवा, वेगळ्या नावाने, आणि तिथे निवड होणार हे प्रवेशावेळीच सांगा. निवड करण्यात गैर काही नाही. निवड होणार नाही असं सांगून ती करण्यात आहे.

‘आपापल्या जोड्या करा’ हे वाक्य बंद

माझी एक मुलगी होती. मी जोड्या करायला सांगितलं की ती खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागायची. मला वाटायचं, बूट सैल असतील. एकदा जवळून पाहिलं तर नाडी बांधलेलीच होती. ती सोडून पुन्हा बांधत होती, सगळ्यांच्या जोड्या होईपर्यंत. उरलेल्या कुणाशी मी जोडी लावून दिली की मगच उठायची. त्या दिवशी सतरा मुलं होती. मी ‘जोड्या करा’ म्हणाले त्या क्षणी एक मूल उरणार हे ठरलेलंच होतं, आणि ते कोण हेही रोजचंच.

आता मी चिठ्ठ्या काढते किंवा उंचीप्रमाणे उभं करून एकाआड एक मोजते. संख्या विषम असेल तर एक तिघांचा गट, आणि तिघांना जास्त अवघड काम. मग तिघांत जायला भांडणं होतात. ती चालतात.

टेप आणि वही

कपड्यांची मापं घ्यायचा दिवस. मी टेप धरायचे, मोठी मुलगी वहीत लिहायची, आकडा मोठ्याने. रांगेत उभी असलेली दहा वर्षांची मुलगी आपली पाळी यायच्या आधीच पोट आत ओढून उभी होती, श्वास धरून. तिच्या पुढचीचा आकडा ऐकून मागून कुणीतरी हसलं होतं. माझ्या क्लासमध्ये कुणी कुणाला ‘जाड’ म्हटलेलं नव्हतं, तरी क्लासने ते सांगितलं होतंच.

आता मापं घरून पालकांनी पाठवायची. ज्यांना जमत नाही त्यांची पडद्याआड, एकेकाची, आकडा न उच्चारता. कपड्यांना बाजूने नाड्या किंवा इलॅस्टिक, म्हणजे दोन महिन्यांत मूल वाढलं तरी कपडा चुकेल, मूल नाही. वजनावर, खाण्यावर, पोटावर कुणीही बोलायचं नाही: मी नाही, सहशिक्षक नाही, मेकअप करणारे नाहीत. स्वतःच्या वजनाचा विनोदही नको, मुलं तो स्वतःला लावून बघतात. हा नुसता मन दुखावण्याचा प्रश्न नाही. श्रमाच्या मानाने खाणं कमी पडलं की वाढ, हाडं, पाळी, मूड सगळ्यांवर परिणाम होतो. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञगटाने २०१४ मध्ये या अवस्थेला ‘रेड-एस’ (RED-S) असं स्वतंत्र नाव दिलं, आणि ती मुलग्यांतही होते. मोठ्या मुलीची पाळी थांबली तर ती मन लावून सराव केल्याची खूण नाही, डॉक्टरकडे नेण्याची खूण आहे.

अचानक ‘बिघडलेली’ मुलगी

दर वर्षी एक तरी. कालपर्यंत सगळ्यात सफाईदार नाचणारी, यंदा तोल जातो, पाय पूर्वीइतका वर जात नाही, उडी जड पडते. ‘आळशी झालीस,’ असं मी एकीला म्हटलं होतं. उंची भराभर वाढण्याचा काळ मुलींत सरासरी अकरा-बाराव्या वर्षाच्या सुमारास येतो, मुलग्यांत तेरा-चौदाव्या. हाडं आधी लांबतात, स्नायू मागून येतात, म्हणून लवचिकता काही काळ घटते. आणि मेंदूला नव्या लांबीचे हातपाय नव्याने ओळखावे लागतात. गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेत दुखणं याच वयात सुरू होतं, तिथली वाढती हाडं स्नायूंच्या ओढीने चिडतात. हे माहीत नसेल तर मुलगी समजते आपली कला गेली, मैत्रिणी समजतात हिचा माज उतरला, आणि ताई तिला मागे टाकते.

हे आधीच, सगळ्या बॅचला सांगून ठेवा. त्या काळात उड्या कमी करा, तोल आणि ताकदीचं काम वाढवा. आणि स्प्लिटमध्ये, म्हणजे दोन्ही पाय पूर्ण फाकवून, बसलेल्या मुलाच्या पाठीवर किंवा मांडीवर भार देऊन खाली दाबणं कायमचं सोडा. माझ्यावर हे लहानपणी केलेलं आहे, मी मोठी होऊन इतरांवर केलं आहे. ‘आम्हीही असंच शिकलो’ हे त्याचं समर्थन होत नाही. सरावाच्या तासांबद्दल मुलांच्या क्रीडावैद्यकात एक सोपा ठोकताळा वापरतात: आठवड्याचे तास मुलाच्या वयाच्या आकड्याच्या वर जाऊ नयेत. नऊ वर्षांच्या मुलाला कार्यक्रमाआधी आठवड्यात बारा तास तालीम देत असाल तर चिडचिडीचं कारण शोधायला लांब जायला नको.

पालक

पालकांशी माझे दोनच करार आहेत. फॉर्मेशनबद्दलचा मेसेज चोवीस तासांनी करायचा, आणि फक्त आपल्या मुलाबद्दल बोलायचं, दुसऱ्याच्या मुलाचं नाव न घेता. पहिल्या करारानेच बहुतेक ‘सहज’ विरून जातात. उरलेल्यांना मी फोन करते, लिहीत बसत नाही. महिन्याचा शेवटचा तास सगळ्यांना बघायला खुला, म्हणजे दाराच्या फटीतून डोकावणं थांबतं.

घरी जाताना ‘कोण पुढे होतं?’ ऐवजी ‘आज काय जमलं नाही?’ असं विचारा, एवढी एक विनंती करते. एका बाबांनी हसत सांगितलं की त्यांच्या मुलाने उत्तर द्यायला घर येईपर्यंतचा सगळा वेळ घेतला, आणि चालता चालता रस्त्यात थांबून करूनही दाखवलं.

हे या दुरुस्त्यांत येत नाही

स्पर्शाने दुरुस्ती करताना आधी ‘हात लावू का?’ विचारायचं, आणि ‘नको’ला चेहरा पाडायचा नाही. मोठ्या माणसाने मुलाबरोबर बंद दाराआड एकटं थांबायचं नाही, मुलाशी खासगी मेसेज नाहीत. हे रोजचे नियम. पण एखाद्या मुलाने कुणाच्या वागण्याबद्दल, स्पर्शाबद्दल काही सांगितलं, तर तो ‘क्लासमधल्या वातावरणाचा’ विषय नाही. आपण चौकशी करत बसायची नाही, प्रश्न विचारून मुलाच्या तोंडी शब्द घालायचे नाहीत, दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवायचं तर मुळीच नाही. ऐकायचं, ‘सांगितलंस ते बरं केलंस’ म्हणायचं, मुलाच्याच शब्दांत लिहून ठेवायचं, त्या माणसाला मुलांपासून तत्काळ दूर करायचं आणि बालसंरक्षण यंत्रणेला किंवा पोलिसांना कळवायचं. क्लासचं नाव खराब होईल हा विचार तिथे मनात येतो. येऊ द्या, आणि फोन उचला.

पुन्हा उलटलं तर

उलटतं. माझ्याकडे ते कार्यक्रमाच्या आधीच्या तीन आठवड्यांत उलटतं आणि दर वेळी सुरुवात माझ्यापासून होते. वेळ कमी, कपडे आलेले नाहीत, आणि मी रांगा फिरवणं ‘आजच्या दिवस’ सोडून देते. तीन तासांत बॅगांचे दोन ढीग. म्हणून आता घड्याळाचं काम एका मुलाकडे असतं, दर आठवड्याला वेगळ्या. दहा मिनिटं झाली की ते ओरडतं, ‘बदला!’ आणि मला बदलावंच लागतं. शिवाय तीन महिन्यांतून एकदा रेकॉर्डिंग आणि रेघा. शेवटच्या वेळी एकच नाव कोरं राहिलं, आणि ते मूल त्या दिवशी गैरहजरही नव्हतं.

एक गाठ मला अजून सुटलेली नाही: खूप पुढे गेलेलं मूल, ज्याला रांगा फिरवणं म्हणजे आपलं काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटतं. अशा तिघींना मी एकेक अष्टक स्वतः रचायला दिलं आणि ते बाकीच्यांना शिकवायलाही. दोघी रमल्या. तिसरी महिनाभराने निघून गेली. तिच्या आईला मी दुसऱ्या, स्पर्धा करणाऱ्या क्लासचा पत्ता दिला आणि मुलीला कोणत्या वळणावर अजून काम हवंय तेही लिहून दिलं. तिचं अष्टक आम्ही नाचात तसंच ठेवलंय. मुलं त्याला तिच्याच नावाने ओळखतात.